जेलमधल्या माणसाची भेट : वाचकांचे प्रश्न

जामिनावरची प्रश्नोत्तरं छापल्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. त्यांत जामिनापेक्षा भेटीचेच प्रश्न जास्त निघाले. त्यातले काही इथे घेतले आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची नावं आणि गुन्ह्यांचे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

चार दिवसांपूर्वी कोर्टाने माझ्या मुलाला एमसीआर दिली आणि साताऱ्याच्या जेलमध्ये पाठवलं. भेटायला कोर्टाची ऑर्डर लागते असं गावात सांगतात. कोर्टाच्या आवारात भेटलेला एक जण तीन हजारांत परवानगी काढून देतो म्हणाला. द्यावेत का? – एक आई, कोरेगाव तालुका

ताई, एक रुपयाही देऊ नका. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली की माणूस जेलच्या ताब्यात जातो. घरच्यांना भेटू द्यायचं की नाही हे तिथून पुढे कारागृह अधीक्षक ठरवतात. कोर्टाची ऑर्डर लागत नाही आणि भेटीला फीही नसते. कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली लागलेला नाही त्याला, त्याच्या माणसांना भेटू द्यावं ही तरतूद 1894 च्या तुरुंग अधिनियमाच्या कलम 40 मध्येच होती. पुढे 1981 साली फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांची आणि वकिलाची भेट संविधानाच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्कात बसवली. त्या माणसाने तीन हजार घेतले असते तरी तुम्हाला त्याच खिडकीसमोर रांगेत उभं राहावं लागलं असतं.

पहिली परवानगी मात्र तुमच्या मुलाची लागते. जेलमध्ये दाखल करून घेताना बंद्याकडून, म्हणजे कैद्याकडून, नातेवाइकांची नावं, पत्ता आणि मोबाइल नंबर लिहून घेतात. पहिल्याच दिवशी घाबरलेली पोरं अर्धवट नावं देतात. कुणी लाजेपोटी आईबापाचं नाव टाळतं आणि मित्राचं सांगतं. खिडकीवर ‘तुमचं नाव यादीत नाही’ असं ऐकायला मिळालं तर तिथे वाद घालून काही होत नाही. त्याच्या वकिलामार्फत, किंवा जेलमध्ये येणाऱ्या विधी सेवेच्या स्वयंसेवकामार्फत, आत निरोप धाडा. नाव घालायचा अर्ज मुलाने आतून द्यायचा असतो.

सोबत ठेवायचे कागद असे. तुमचं मूळ आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स. नातं दाखवायला रेशन कार्ड सगळ्यात सोयीचं, कारण त्यावर घरातली सगळी नावं एकाच जागी असतात. सून येणार असेल आणि तिच्या आधारवर अजून माहेरचं नाव असेल तर लग्नाचा दाखला लागतो. याशिवाय एका चिठ्ठीवर मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि जेलमध्ये पाठवल्याची तारीख लिहून न्या. जेलने दिलेला बंदी क्रमांक कळला असेल तर तोही लिहा. त्यामुळे शोधाशोधीचा अर्धा तास वाचतो.

सगळ्यात जास्त लोक नावापायी परत फिरतात. जेलच्या रजिस्टरमध्ये कोर्टाच्या वॉरंटवरचं नाव चढतं, आणि वॉरंटवर ते पोलिसांच्या कागदातून आलेलं असतं. गावभर ‘पिंट्या’, फिर्यादीत ‘पिंटू’, आधारवर ‘प्रवीण’, अशी तीन नावं एकाच मुलाची असली तर संगणकावर प्रवीण सापडतच नाही. रिमांडच्या, म्हणजे कोठडीच्या हुकमाच्या, कागदावर नाव कसं लिहिलंय ते वकिलाकडून पाहून घ्या आणि खिडकीवर तेच सांगा. चूक ढोबळ असेल तर वकिलाने कोर्टातून दुरुस्ती करून घ्यावी. नाहीतर पुढे जामिनाच्या वेळी सुटकेचा हुकूमही त्याच नावाला अडतो.

दुसरी अडचण पाळीची. भेटींचा हिशेब बंद्यामागे ठेवतात, भेटायला येणाऱ्यामागे नाही. सोमवारी मेव्हणा उगाच जाऊन भेटून आला तर त्या पाळीची भेट संपली, आणि गुरुवारी एसटीने आलेली आई फाटकावरून परत जाते. घरात एकाने वही ठेवा आणि कोण कधी जाणार ते आधी ठरवा. कच्च्या कैद्याला पक्क्यापेक्षा, म्हणजे शिक्षा लागलेल्यापेक्षा, जास्त वेळा भेटी मिळतात. भेटीचे वार आणि नाव नोंदवायची वेळ फाटकाबाहेरच्या फलकावर लिहिलेली असते. नोंदणीची खिडकी भेटी संपायच्या बऱ्याच आधी बंद होते, त्यामुळे ती उघडायच्या आधीच पोचलेलं बरं. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका.

आत जाताना अंगझडती होते. फोन घरीच ठेवा. पुरुषमंडळींनी खिसे दोनदा तपासावेत, कारण तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी हटकून राहून जाते. मनाई असलेली वस्तू आत नेणं हा गुन्हा आहे आणि त्याबद्दल कैद किंवा दंड होऊ शकतो. डबी चुकून राहिली होती हे तिथे पटवून देणं सोपं नसतं.

भेट काचेआड किंवा जाळीआड होते, बोलणं इंटरकॉमवर. वीस मिनिटं धरून चला, त्याहून कमी वेळही मिळू शकतो. कर्मचारी समोरच असतात. म्हणून केसबद्दल बोलू नका. ‘त्या दिवशी तू कुठं होतास’ हे वकिलाला विचारू द्या. तुम्ही तब्येत, पुढची तारीख, वकील येऊन गेला का, कपडे मिळाले का, एवढंच विचारा. हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या, कारण मुलगा समोर दिसला की निम्मे विसरायला होतात.

ई-मुलाकातवर दोनदा फॉर्म भरला, दोन्ही वेळा नामंजूर झाला. कारण कळत नाही. भाऊ सांगलीच्या जेलमध्ये आहे. – विटा

ई-मुलाकात, म्हणजे जेलभेटीची ऑनलाइन नोंदणी, तिच्या फॉर्मचे दोन भाग आहेत. वरच्या भागात भेटणाऱ्याची माहिती जाते : नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, वय, नातं, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, ई-मेल, मोबाइल. खालच्या भागात राज्य, जेल, भेटीची तारीख, सोबत येणाऱ्यांची नावं, बंद्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि वय. शेवटी प्रत्यक्ष भेट की व्हिडिओवर, ते निवडायचं. ओटीपी टाकून पाठवलं की नोंदणी क्रमांक येतो. तो लिहून ठेवा, अर्जाची स्थिती त्यावरूनच कळते.

अर्ज बहुतेक पुढल्या कारणांनी अडतात. बंद्याचं नाव वॉरंटशी जुळत नाही. वरच्या उत्तरात त्याबद्दल लिहिलंच आहे. ‘वडिलांचं नाव’ या रकान्यात घाईत स्वतःच्या वडिलांऐवजी बंद्याचं नाव पडतं. जेलच चुकीचं निवडलेलं असतं. गर्दी झाली की सांगली-साताऱ्यातून बंद्यांना कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात किंवा येरवड्याला हलवतात, घरच्यांना कळायला वेळ लागतो, आणि फॉर्म मात्र ‘सांगली’वरच भरला जातो. किंवा त्या पाळीची भेट दुसऱ्याच कुणीतरी घेतलेली असते. माणूस जेलमध्ये जाऊन एक-दोनच दिवस झाले असतील तर संगणकावर नोंद चढलेली नसण्याचीही शक्यता असते.

तिसऱ्यांदा फॉर्म भरण्याआधी भाऊ नेमका कुठल्या जेलमध्ये आहे ते वकिलाकडून पक्कं करून घ्या. शक्यतो स्वतःच्याच मोबाइलवरून भरा. सायबर कॅफेवाल्याने त्याचा ई-मेल टाकला की मंजुरीचा निरोप त्याच्याकडे जातो आणि तुम्ही वाट बघत बसता. व्हिडिओ भेट मंजूर झाली तर लिंक आणि पिन येतो. फॉर्ममध्ये ज्यांची नावं आहेत तेवढ्यांनीच कॅमेऱ्यासमोर बसावं आणि ओळखपत्र हाताशी ठेवावं. शेजारी डोकावले तर कॉल तोडतात. रेकॉर्डिंग करायचं नाही.

प्रत्यक्ष भेटीला जाणार असाल तर सांगलीचं कारागृह गणेशदुर्गात आहे. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार निसटले ते याच तुरुंगातून. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं तरी पुरतं.

काय काय देता येतं? आई जेलमधल्या भावाला पुरणपोळ्या करून द्यायला निघाली आहे. – जत

पोळ्या परत येतील. घरचं शिजवलेलं अन्न साधारणपणे कोर्टाच्या आदेशाशिवाय घेत नाहीत, आणि असा आदेश बहुधा आजारपणाच्या कारणावर मिळतो. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे चालतात. साधे, विनाचेनचे, नाडीऐवजी इलॅस्टिकचे द्या. जाड शिवण किंवा दुहेरी अस्तर असलं की तपासणीत उसवतात.

औषधं थेट बंद्याच्या हाती देत नाहीत. चिठ्ठी आणि औषध दोन्ही जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातं आणि पुढचं तो ठरवतो. भाऊ बीपी-शुगरचा असेल तर पहिल्याच भेटीला जुन्या तपासण्यांची फाइल झेरॉक्स करून द्या. चष्मा लागत असेल तर नंबराची चिठ्ठी सोबत जोडा.

पैसे मनीऑर्डरने पाठवा. ते बंद्याच्या खात्यावर जमा होतात आणि तो जेलच्या कॅन्टीनमधून फरसाण, साबण, तेल घेतो. पत्त्यात पूर्ण नाव आणि बंदी क्रमांक नसला तर मनीऑर्डर परत येते. महिन्याची मर्यादा ठरलेली असते, ती फलकावर वाचा. जास्तीची रक्कम ओळखीच्या शिपायाकडे दिली आणि ती बुडाली तर तक्रार कुठे करणार?

आमचं लग्न झालेलं नाही. मी भेटू शकते का? – कराड

हो. मित्र-मैत्रिणीला मनाई नाही. पण तुमचं नाव त्याने आतून लेखी द्यायला हवं आणि त्याच्या घरच्यांच्याच पाळीतून वेळ मिळेल, म्हणून आधी त्याच्या आईशी बोलून घ्या. नात्याच्या रकान्यात खरं तेच लिहा. ‘पत्नी’ लिहिलंत आणि कागद मागितला तर पुढच्या सगळ्या भेटींवर शंका राहते. तुम्ही त्या केसमध्ये साक्षीदार असाल तर मात्र जाऊ नका. साक्षीदार फोडला असा आरोप सरकारी वकिलाला आयता मिळतो आणि जामीन अडतो.

भावाला पीसीआर आहे. पोलीस भेटू देत नाहीत. – मिरज

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. तिथे जेलसारखी भेटीची पाळी नसते. तपास अधिकाऱ्याला विनंती करता येते. त्याने नकार दिला तर वकिलाने रिमांडच्या वेळी कोर्टापुढे अर्ज करावा : घरच्यांना काही मिनिटं भेटू द्यावं, कपडे आणि औषध देऊ द्यावं. असे अर्ज मंजूर होतात.

हक्काने मागता येतात त्या गोष्टी दुसऱ्या आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 48 प्रमाणे अटक झाल्याचं आणि कुठे ठेवलंय हे नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम 37 प्रमाणे अटकेतल्यांची नावं ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावलेली असायला हवीत. कलम 38 प्रमाणे चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण चौकशीभर त्याला शेजारी बसता येत नाही इतकंच.

वकील नसेल तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ‘आमची शेती आहे, आम्हाला मिळणार नाही’ म्हणून घरी बसणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

मुलगी येरवड्याला शिक्षा भोगतेय. साडेपाच वर्षांचा नातू तिच्याजवळ आहे. मोठी नात अकरा वर्षांची, माझ्याकडे. तिला काचेआडची आई दाखवायला जीव धजत नाही. – तासगाव

नातवाचं आधी बघा, कारण तिथे मुदत आहे. आर. डी. उपाध्याय खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या नियमांप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ जेलमध्ये राहतं. पुढे आई सांगेल त्या योग्य नातेवाइकाकडे, तसं कुणी नसेल तर संस्थेत. म्हणून पुढच्या भेटीतच मुलीला सांगा की ‘मुलाचा ताबा माझ्या आईकडे द्यावा’ असा अर्ज तिने अधीक्षकांकडे आत्ताच करावा. तुमच्या बाजूने आधार, रेशन कार्ड, राहत्या घराचा पुरावा आणि जमल्यास अंगणवाडीचा किंवा शाळेचा प्रवेशाचा कागद जमवून ठेवा. नातवाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड त्याच्यासोबत बाहेर यायला हवं. ते मागून घ्या, मागाहून मिळवायला फार खटपट पडते.

मोठीसाठी ‘गळाभेट’बद्दल विचारा. शिक्षा लागलेल्या बंद्यांच्या सोळा वर्षांखालच्या मुलांना काच-जाळी मध्ये न ठेवता भेटवण्याचा हा उपक्रम राज्यातल्या कारागृहांत होतो. तो ठरावीक दिवशी असतो आणि त्याची नोंद आईला आतून करावी लागते. नातीचा जन्मदाखला किंवा शाळेचं ओळखपत्र सोबत ठेवा. आणि नेण्याआधी आई कुठे आहे हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या. आई दुबईला गेलीय असं सांगून मुलांना फाटकापर्यंत आणणारे आजी-आजोबा असतात. आत गेल्यावर मूल गोठून जातं आणि सगळा वेळ रडण्यात जातो.

भाऊ कळंब्यात कच्चा कैदी आहे. शेतीच्या व्यवहारासाठी कुलमुखत्यारपत्र हवंय. भेटीत सही घेता येईल का? – वाळवा तालुका

भेटीच्या खोलीत कागद हातोहात जात नाही. साधे कागद, म्हणजे वकालतनामा, बँकेचा अर्ज, कारखान्याच्या ऊसबिलाचं पत्र, हे जेलच्या कार्यालयात द्यायचे. बंदी आत सही करतो, तुरुंगाधिकारी ‘माझ्यासमोर सही केली’ म्हणून सही-शिक्का देतो आणि कागद परत मिळतो. वकालतनाम्याला हे रोज चालतं. बँकेच्या कागदांना अधीक्षकांच्या नावे स्वतंत्र अर्ज लिहा आणि काम काय ते एका ओळीत सांगा. सही बँकेतल्या नमुन्यासारखीच कर असं भावाला निरोपात कळवा. जेलमध्ये घाईत केलेली सही जुळली नाही म्हणून शाखेतून कागद परत आले की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत हवं असेल तर त्याला दुय्यम निबंधकाकडे आणायची गरज नाही. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 33 आणि 38 प्रमाणे तुरुंगातल्या माणसाला कार्यालयात हजर राहण्यातून सूट आहे. निबंधक स्वतः जेलमध्ये जाऊन जबाब घेतो किंवा त्यासाठी कमिशन, म्हणजे त्याच्या वतीने जबाब घेणारा माणूस, नेमतो. कच्चा कैदी असल्याने आधी खटला चालवणाऱ्या कोर्टाची परवानगी काढा, ती घेऊन अधीक्षकांकडे आणि मग निबंधकांकडे जा. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक जण दुसऱ्याचा कागद मागेल.

माझ्यावर जुनी मारामारीची केस आहे म्हणून फाटकावर भावाची भेट नाकारली. बायकोचीही झडती सगळ्यांसमोर घेतली. – खटाव तालुका

दोन तक्रारी वेगळ्या करा. झडती घेण्याचा अधिकार जेलला आहे, पण ती दुसऱ्या बंद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर घेता येत नाही, हे 1894 च्या कायद्याच्या कलम 41 मध्येच लिहिलेलं होतं. बाईची झडती बाईनेच, आडोशाला घ्यायची. झडती द्यायला नकार दिला तर मात्र भेट नाकारता येते, आणि ते कारण जेलला नोंदवून ठेवावं लागतं.

जुनी केस असणं हे भेट नाकारायचं आपोआपचं कारण होत नाही. त्याच गुन्ह्यात तुम्ही सहआरोपी असाल तर गोष्ट वेगळी. अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, नकाराचं कारण लेखी मागा आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कारागृह उपमहानिरीक्षक, पश्चिम विभाग, येरवडा, पुणे यांना पोस्टाने पाठवा आणि एक प्रत सातारच्या विधी सेवा प्राधिकरणाला द्या. भावाच्या वकिलाने खटल्याच्या कोर्टात दिलेला अर्ज यातला सगळ्यात लवकर हलतो. फाटकावर आवाज चढवून मात्र काही मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हालाच त्या फाटकावर जायचं असतं.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैदी कुटुंबासह राहतात म्हणे. माझ्या नवऱ्याचा खटला चालू आहे, त्याला तिथे पाठवतील का? – आटपाडी

स्वतंत्रपूर ही औंध संस्थानाने 1939 साली सुरू केलेली खुली वसाहत आहे आणि तिथे बंद्यांना बायकामुलांसह राहता येतं हे खरं. पण ती शिक्षा लागलेल्यांसाठी आहे. शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तणुकीने पार पडल्यावर जेलची समिती निवड करते. तुमच्या नवऱ्याचा खटला अजून चालू आहे, त्यामुळे सध्या हा प्रश्नच येत नाही.

वडील वारले. भाऊ साताऱ्यात कच्चा कैदी. जेलर पॅरोल देईल का? – फलटण

नाही. पॅरोल आणि फर्लो, म्हणजे अभिवचन आणि संचित रजा, 1959 च्या नियमांखाली शिक्षा लागलेल्यांनाच मिळतात. कच्च्या कैद्यासाठी कोर्टात जायचं. केस ज्या कोर्टात आहे तिथे वकिलाने तात्पुरत्या जामिनाचा अर्ज द्यावा आणि त्यातच पर्यायी मागणी लिहावी की जामीन नाही तर पोलीस बंदोबस्तात काही तासांसाठी न्यावं. सोबत डॉक्टरांचा दाखला किंवा पोलीस पाटलाचं पत्र, नातं दाखवणारं रेशन कार्ड, अंत्यविधीची वेळ, दहाव्या-तेराव्याच्या तारखा आणि गावाचं पोलीस ठाणं. सुट्टी असेल तर रिमांड बघणाऱ्या न्यायाधीशांकडे जा. अंत्यविधी गाठता येणार नसेल तर दहाव्याची तारीख मागा, ती मिळण्याची शक्यता जास्त. बंदोबस्ताचा खर्च भरायला कोर्ट सांगू शकतं. परिस्थिती नसेल तर खर्च माफ करण्याची विनंती पहिल्याच अर्जात घाला.